बोटीत बाटली पाहुण्याची, पण जप्ती कोणाची? कोयनेच्या बॅकवॉटरवर दारूचा कायदा नेमका काय सांगतो

बामणोली / तापोळा : थंडी पडली की शनिवारी सकाळपासून पुण्या-मुंबईच्या गाड्या सुरू होतात. काही कास ओलांडून बामणोलीला उतरतात, काही महाबळेश्वरवरून घाट उतरून तापोळ्याला येतात. गाड्या काठावर लागतात आणि बॅगा बोटीत पडतात. त्यांत कपडे असतात, चकणा असतो, आणि बऱ्याच वेळा पेपरात गुंडाळलेल्या बाटल्याही असतात. पलीकडच्या काठावर तंबू, कृषी पर्यटन केंद्र नाहीतर शेतातली एखादी खोली ठरलेली असते. तिथं ना दुकान, ना हॉटेल. जे लागेल ते इकडूनच न्यायचं.

ही बाटली बोटीतून नेणं कायद्यात बसतं का? पाहुणा म्हणतो, आम्ही दुकानातून पैसे देऊन घेतली. बोटवाला म्हणतो, बॅग त्यांची, आपण फक्त भाडं मारतो. तंबूवाला म्हणतो, त्यांची ते आणतात, आपण विकत नाही. तिघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्या भागात मात्र गुन्हा नोंद होऊ शकतो आणि कर्ज काढून घेतलेली बोट जप्तीला लागू शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

मूळ कायदा बंदीचा, सूट कागदाची

महाराष्ट्रात दारू उघड मिळते, त्यामुळे इथं दारूबंदी नाही असा सगळ्यांचा समज आहे. पण राज्यात चालतो तो कायदाच मुळी दारूबंदीचा, १९४९ चा. तेव्हा मुंबई राज्य होतं, गुजरात त्यातच होतं. म्हणून गुजरातमधली पूर्ण बंदी आणि आपल्याकडची दारूची दुकानं, या दोन्हींचं मूळ त्या एकाच कायद्यात आहे. फरक इतकाच की आपल्याकडे सरकार परवाने देतं.

म्हणजे हिशोब असा. दारू करणं, विकणं, विकत घेणं, जवळ ठेवणं, वाहून नेणं आणि पिणं या सगळ्याला आधी मनाई आहे. ज्याच्याकडे परवाना आहे, त्याला परवान्यापुरती सूट आहे. वाहतूक म्हणजे ट्रक भरून माल नेणं असंच नाही. राज्यातल्या राज्यात एका जागेवरून दुसऱ्या जागी दारू हलवली की ती वाहतूक झाली. मग ती ट्रकमधून हलवा, दुचाकीच्या डिकीतून हलवा की शिवसागर जलाशयातल्या बोटीतून. पाण्यावर वेगळा कायदा नाही.

पिणाऱ्याने घ्यायचा परवाना तीन प्रकारचा असतो : एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन. गेली कित्येक वर्षं याची फी विदेशी मद्यासाठी दिवसाला ५ रुपये, देशीसाठी २ रुपये, वर्षाला १०० रुपये आणि आजीवन १००० रुपये अशी चालत आली आहे. काढताना सध्याचा दर बघून घ्यावा. गंमत अशी की हा परवाना कागदावर आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. पण कामाची गोष्ट वेगळी आहे. विकत घेणं, बाळगणं, वाहून नेणं आणि पिणं या सगळ्याची मुभा याच एका कागदात येते. पाहुण्याच्या खिशात हा कागद असेल, तर आपल्यापुरती बाटली बोटीतून नेणं कायदेशीर आहे. कागद नसेल, तर दुकानाचं बिल असूनही तो अडचणीत आहे.

बोटीत पाय ठेवण्याआधी चार गोष्टी

पहिली, बाटली कुठली. ती महाराष्ट्रात विक्रीसाठी असलेली, सीलबंद आणि परवानाधारक दुकानातली हवी. वाइन शॉपला सीलबंद बाटली विकायचा परवाना असतो, बिअर शॉपीला बिअर आणि वाइनचा. परमिट रूमचा परवाना हा तिथं बसून पिण्याचा आहे, बाटली बांधून देण्याचा नाही.

यात सगळ्यात जास्त फसतात ते गोव्याची बाटली आणणारे. गोव्यात स्वस्त मिळाली, बिल पण आहे, मग काय बिघडलं असं त्यांना वाटतं. पण त्या बाटलीवर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो आणि ती गोव्यातल्या विक्रीसाठीच असते. परवानगी न काढता ती महाराष्ट्रात आणली की तिथंच गुन्हा झाला. पुढं ती गाडीत सापडली काय आणि बोटीत सापडली काय, सारखंच.

दुसरी बाटली मिलिटरी कॅन्टीनची. सातारा हा फौजींचा जिल्हा, घराघरात आजी-माजी सैनिक. कॅन्टीनची बाटली त्या सैनिकाच्या स्वतःच्या वापरासाठी असते. ती पाहुण्याला पैसे घेऊन दिली, तर ती बेकायदा विक्री होते. चार पैसे सुटतात म्हणून तंबूवर कॅन्टीनचा माल पुरवणाऱ्याने आपल्या कार्डाचा आणि अब्रूचा विचार करावा.

दुसरी गोष्ट, परवाना. ज्याची बाटली त्याच्या नावाचा. मित्राच्या परवान्यावर मित्रच पिऊ शकतो.

तिसरी, वय. कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण हवीत आणि सौम्य बिअरसाठी २१. कॉलेजच्या पोरांचे जे ग्रुप येतात त्यातले निम्मे इथंच बाद होतात.

चौथी, प्रमाण. परवाना एका माणसाचा असतो आणि त्याला मर्यादा असते. समजा सहा जण आले आणि सगळ्यांची मिळून पेटी एकाच्याच बॅगेत आहे. परवाना मात्र दोघांकडेच आहे. अशा वेळी सहा जणांची दारू दोन परवान्यांत बसवता येत नाही. प्रत्येकाची बाटली त्याच्याजवळ आणि प्रत्येकाचा कागद त्याच्या खिशात, हा सरळ मार्ग. बिल जपून ठेवलं तर बाटली कुठून आली हेही दाखवता येतं.

आता बोटवाल्याचं काय

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते हे. पाहुणा सोमवारी ऑफिसला जातो. बोट मात्र इथंच काठावर राहते आणि बोटीचा हप्ताही इथंच राहतो.

दारूबंदी कायद्याच्या कलम ९८ नुसार गुन्ह्यातली दारू तर जप्त होतेच, पण ती वाहून नेण्यासाठी वापरलेलं वाहनही जप्तीला पात्र ठरतं. यात जनावर, गाडी आणि पाण्यातली नाव हे सगळं येतं. ‘बोट पाण्यावर चालते, ती वाहन थोडीच आहे’ हा काठावरचा युक्तिवाद कोर्टात टिकणारा नाही.

पण त्याच कायद्यात बोटमालकाला वाचवणारी वाटही ठेवलेली आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. कलम ९९ सांगतं की, गुन्हा होऊ नये म्हणून आपण योग्य ती काळजी घेतली होती, असं मालकाने कोर्टाला पटवून दिलं, तर त्याचं वाहन सरकारजमा करता येत नाही. यातला मुख्य शब्द ‘काळजी’. मला ठाऊक नव्हतं एवढं म्हणून भागत नाही. काळजी घेतल्याचं काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

दाखवणार काय? त्याला खर्च फार नाही. बोटीवर आणि धक्क्यावर ठळक पाटी : विनापरवाना दारू बोटीत आणू नये. प्रवाशांच्या नोंदवहीत नाव, गाव, मोबाईल नंबर. बसण्याआधी एक सरळ प्रश्न, बाटली आहे का, असेल तर परवाना दाखवा. आणि पेटीच्या पेटी दिसली तर भाडं नाकारायची तयारी. बुकिंग व्हॉट्सअॅपवर होत असेल तर तोच नियम तिथंही लिहून पाठवावा, म्हणजे लेखी पुरावा आपोआप तयार होतो. पाहुण्याच्या बॅगा उचकटून झडती घेण्याचा अधिकार बोटवाल्याला नाही आणि त्याने तो घेऊही नये. विचारणं आणि नाही म्हणणं एवढं त्याच्या हातात आहे.

‘येताना दोन खंबे घेऊन या’ : हाच खरा सापळा

पाहुणा आपली बाटली आपण आणतो तोवर बोटवाला बाजूला असतो. पण संध्याकाळी तंबूवरून फोन येतो. दादा, येताना दोन खंबे आणि बिअरची पेटी आणा, वरचे पाचशे तुम्ही ठेवा. गावातला एखादा पोरगा दुचाकीवर जातो, माल आणतो, अंधारात बोट सुटते. सगळ्यांना ही माणुसकी वाटते. कायद्याच्या नजरेत मात्र इथं चित्र पूर्ण बदललं.

आता दारू बोटवाल्याच्या ताब्यात आहे. ती त्याच्या स्वतःच्या पिण्यासाठी नाही. वरचे पैसे घेतले म्हणजे विक्री झाली, आणि विक्रीचा परवाना त्याच्याकडे नाही. दुसऱ्याचा माल आपल्या बोटीतून, आपल्या हाताने, पैसे घेऊन नेला असं चित्र उभं राहतं. कलम ९९ मधली ‘काळजी’ इथं उपयोगी पडत नाही, कारण गुन्ह्यात आता तो स्वतःच आहे. पाचशे रुपयांसाठी पाच-सहा लाखांची बोट डावावर लावायची का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

यातही जास्त धोका त्या पोराला. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली, सैन्यात जायचं स्वप्न असलेली मुलं या भागात घरटी आहेत. चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा निघाला तरी सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

पलीकडच्या काठावर : तंबू आणि खोली

परवानाधारक पाहुण्याने बंद खोलीत आपली आणलेली बाटली घेतली, तर तो त्याचा प्रश्न. पण मालक ग्लास, सोडा, बर्फ मांडतो, शेकोटीभोवती सगळ्यांना बसवतो आणि ‘ड्रिंक्सची सोय’ म्हणून पॅकेजमध्ये पैसे लावतो, तेव्हा गोष्ट वेगळी होते. दारू पिण्याची सोय करून जिथं फायदा कमावला जातो त्या जागेला कायदा सार्वजनिक मद्यपानगृह समजतो. बाटली कोणाची हा मुद्दा तिथं मागं पडतो. ढाब्यांवर छापे पडतात ते याच कारणाने. त्यात मालकावर तर गुन्हा होतोच, तिथं पिऊन सापडलेल्या गिऱ्हाईकांनाही कोर्टात उभं राहावं लागतं.

मोठा कार्यक्रम असेल, लग्नाआधीची पार्टी असेल, तर एक दिवसाचा समारंभ परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. लोक ज्याला दारूबंदी खातं म्हणतात तेच हे खातं, जिल्ह्याचं अधीक्षक कार्यालय साताऱ्यात आहे. फी भरून कागद घेतला की पाहुणे आणि मालक दोघांनाही रात्री झोप लागते.

कोरड्या दिवसांचंही भान हवं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी दुकानं बंद असतात. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते, आणि त्या काळात नाक्यानाक्यावर तपासणी असते. नेमक्या याच सुट्ट्यांना पर्यटकांची गर्दी होते आणि ‘कुठून तरी आणून द्या’ असे फोनही याच दिवशी येतात.

वासोट्याकडे जाणारी बोट वेगळी

बॅकवॉटरचा एक काठ गावांचा, तर दुसऱ्या बाजूला कोयना अभयारण्य. १९८५ ला अभयारण्य झालं आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोलीहून मेट इंदवलीमार्गे वासोट्याला जायचं तर वनविभागाची परवानगी घ्यावी लागते, त्यांच्या अटी पाळाव्या लागतात. तिथं दारू चालत नाही. खिशात आजीवन परवाना असला तरी नाही. दारूचा परवाना उत्पादन शुल्क खात्याचा, जंगलात पाय ठेवायची परवानगी वनखात्याची. एका खात्याचा कागद दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही.

म्हणून बोटवाल्याने भाडं ठरवतानाच विचारावं, जायचं कुठं आहे. गावाकडच्या काठाला जाणाऱ्या पाहुण्याची जी बाटली कायदेशीर, तीच वासोट्याच्या पायथ्याला उतरली की बेकायदा. अस्वल, गवा, बिबट्याच्या रानात फुटलेल्या काचा आणि झिंगलेली माणसं सोडायची नसतात, हे कायद्याने सांगायची खरं तर गरज पडू नये.

पाणी परवाना बघत नाही

कागदपत्रं सगळी बरोबर असली तरी एक धोका उरतोच. प्रवासी बोट ही चार लोकांच्या येण्या-जाण्याची जागा आहे. तिथं बाटली उघडणं, पिऊन दंगा करणं हा गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जीव. पाहुणा पिऊन बोटीत उभा राहतो, सेल्फीसाठी एका बाजूला झुकतो, लाइफ जॅकेट ‘गरम होतं’ म्हणून काढून टाकतो.

२१ मे २०२४ ला उजनी जलाशयात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तिथं कारण वारा होता. पण छोटी बोट उलटायला किती कमी वेळ लागतो, ते त्या संध्याकाळी सगळ्या राज्याने पाहिलं. कोयनेचं पाणी उजनीपेक्षा डोंगरकपारीतलं, खोल आणि थंड. संध्याकाळी वारा फिरतो. अशा पाण्यात पोहता येणाराही पिलेला असेल तर काठ गाठेल याची खात्री नाही. म्हणून बोटवाल्यांनी एक नियम सगळ्यांनी मिळून पाळावा : बाटली सीलबंद, बॅगेत, आणि बोट काठाला लागेपर्यंत सील उघडायचं नाही. चालवणाऱ्याने पिऊन बोट हाकणं हा तर चर्चेचाच विषय नाही.

दुकान बंद केलं बायकांनी, बाटली आली बोटीतून

बामणोली जावळी तालुक्यात येते. हा तालुका महिलांच्या ‘आडवी बाटली’च्या मतदानासाठी ओळखला जातो. गावातल्या महिला मतदारांनी ठरावीक संख्येने सह्या करून मागणी करायची आणि गुप्त मतदानात बहुमताने दुकान बंद पाडायचं, ही सोय राज्याने करून दिली आणि जावळीतल्या बायकांनी ती वापरून दाखवली. त्यासाठी त्यांनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक.

अशा ठिकाणी पर्यटकांच्या बॅगेतून बाटल्या उतरताना दिसल्या की त्यांचा संताप होणारच. पण कायद्याचा फरक लक्षात घ्यावा लागेल. मतदानाने बंद होतं ते दुकान. परवानाधारकाने बाहेरून आणून स्वतःपुरती बाळगणं त्याने बंद होत नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत सरकारनेच दारूबंदी केली आहे, तसा प्रकार इथं नाही. त्यामुळे महिलांनी पाहुण्यांना अडवण्यापेक्षा गावातून होणाऱ्या पुरवठ्यावर नजर ठेवावी. पाहुणा दोन दिवसांनी जातो, पण त्याच्यासाठी आणलेली उरलेली पेटी गावातच राहते आणि मग ती सुटी विकली जाते. बंद झालेला धंदा गावात परत शिरतो तो याच वाटेने. ग्रामरक्षक दलाची तरतूद कायद्यात आहे ती याचसाठी, आणि तातडीची तक्रार ११२ वर करता येते.

दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. १९६० च्या दशकात कोयना धरण झालं, चांगली जमीन पाण्याखाली गेली, लोक जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरले. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला चढाची शेती, पावसाचे चार महिने आणि मुंबईची वाट आली. आता पर्यटनामुळे पोरं गावात थांबायला लागली आहेत. बोट, तंबू, जेवण यातून घर चालतंय. दारूवाला पाहुणा नको म्हटलं तर तो शेजारच्या काठावर जाईल, ही भीती खोटी नाही.

मग करायचं काय

या सगळ्यात एक गोष्ट दिसते. कायद्याचा कागद स्वस्त आहे, पण तो कोणी मागत नाही. शहरातलं दुकान परवाना न विचारता बाटली देतं, टोलनाक्यावर कोणी विचारत नाही, आणि शेवटी प्रश्न येतो तो सगळ्यात गरीब माणसाला, वल्हं नाहीतर इंजिनाची दोरी हातात असलेल्याला. पाच रुपयांचा कागद शहरात फाडला गेला असता तर काठावर वाद झालाच नसता.

उत्पादन शुल्क खात्याने बामणोली आणि तापोळ्याच्या धक्क्यावर हंगामात शनिवार-रविवारी माणूस बसवावा. नियमांची मराठी पाटी लावावी. बोटवाल्यांची एकदा बैठक घेऊन कलम ९८ आणि ९९ समजावून सांगावीत. छापा टाकून बोट ओढून नेण्यापेक्षा हे सोपं आहे आणि महसूलही वाढेल.

बोट क्लबांनी एकाच भाडेपत्रकावर एकच नियम छापावा. एकाने नाकारलेलं भाडं दुसऱ्याने उचललं तर नियमाला अर्थ राहत नाही. सगळ्यांनी नाकारलं तर पाहुणा आपोआप कागद घेऊन येईल, कारण शेजारच्या काठावरही त्याला तेच उत्तर मिळेल.

तंबूवाल्यांनी बुकिंगच्या वेळीच लिहून कळवावं : दारू आम्ही पुरवत नाही, आणून देत नाही, परवाना तुमचा तुम्ही आणा, काचा परत न्या. आणि पाहुण्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की आपल्या दोन दिवसांच्या मजेसाठी दुसऱ्याच्या वर्षभराच्या पोटाला धोका होता कामा नये.

पुढच्या शनिवारी बोट सुटण्याआधी धक्क्यावर फक्त एक प्रश्न विचारला जाऊ दे : परवाना आहे का? असेल तर बसा. नसेल तर बाटली गाडीतच ठेवा, पलीकडं चुलीवरचं जेवण आणि पिठलं-भाकरी झकास मिळते.